कागदावर 310 मीटर, टेपवर 238

2023 ला पाऊस उशिराच आला, जून संपत आला तेव्हा, आणि पहिल्याच मोठ्या पावसात आमच्या गल्लीच्या खालच्या अंगाला असलेल्या सहा घरांत गटाराचं पाणी शिरलं. त्यात आमचं एक. सासूबाईंची खाट ओढून माळवदाच्या खोलीत न्यायची, मुलांची दप्तरं वर टाकायची, क्लासच्या सतरंज्या गुंडाळायच्या, रात्री अडीचपर्यंत तेच चाललं होतं. मला सगळ्यात जास्त कशाचा राग आला असेल तर याचा, की तीनच महिन्यांपूर्वी, मार्चमध्ये, गल्लीत नवीन बंदिस्त गटार झालं होतं. त्याआधी उघडं गटार होतं तेव्हा घाण वास यायचा, डास व्हायचे, पण पाणी घरात कधी आलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाला कामाचा फलक होता. कामाचं नाव, निधी, ठेकेदार, आणि लांबी 310 मीटर. तो फलक मी रोज बघत होते पण वाचला त्या दिवशी. आमची गल्ली मला काही 310 मीटरची वाटेना.

मी गावात आठवी ते दहावीचे गणिताचे क्लास घेते, पत्रकारितेचा आणि माझा काही संबंध नाही. गेल्या वर्षभरात जे केलं ते क्रमाने लिहितेय कारण मला सुरुवातीला असं सगळं एका ठिकाणी लिहिलेलं सापडलं नव्हतं. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम लिहीत नाही. आमची नगरपरिषद 'क' वर्गाची, तालुक्याचं गाव, एवढं पुरे.

जुलैच्या पहिल्या रविवारी एका गवंड्याकडून तीस मीटरचा टेप मागून आणला आणि दहावीच्या दोन मुलांना घेऊन गटार मोजलं. झाकणापासून झाकणापर्यंत, प्रत्येक तीस मीटरला खडूची खूण, आणि प्रत्येक खुणेचा फोटो. 190 मीटर भरलं. आणि त्याच वेळी दिसलं की गटार ओढ्यापर्यंत जातच नाही, ओढ्याच्या अलीकडे साधारण पन्नास मीटरवर ते एका दगडी कुसाजवळ, म्हणजे आवाराच्या भिंतीजवळ, संपतं, आणि वरून आलेलं सगळं पाणी तिथेच तुंबून मागे फिरतं, म्हणजे आमच्या घरात.

मग मी एक चूक केली, ती आधीच सांगते. त्याच संध्याकाळी फेसबुकवर आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं की आमच्या गल्लीतलं 120 मीटर गटार गायब आहे. दोनशेच्या वर शेअर झालं, लोकांनी ठेकेदाराला आणि इंजिनिअरना वाट्टेल ते लिहिलं, मलाही त्या वेळी बरं वाटलं. तो आकडा चुकीचा होता. का ते पुढे येईलच.

दोन दिवसांनी नगरपरिषदेत गेले. बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता भेटले, त्यांनी पोस्ट वाचलेली होती त्यामुळे तोंड आंबटच. "मॅडम, काम पूर्ण झालंय, मोजमाप झालंय, बिल निघालंय. तुम्हाला काय पाहिजे ते लेखी द्या." मी नगरसेवकांकडे जायचा विचार केला तर आमच्याकडे तेव्हा नगरसेवकच नव्हते. नगरपरिषदेची मुदत डिसेंबर 2021 मध्ये संपली, ओबीसी आरक्षण आणि प्रभागांचं प्रकरण कोर्टात होतं, निवडणुका झाल्या नव्हत्या, सगळा कारभार प्रशासकांकडे होता. सभा नव्हती, त्यामुळे सभेत प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं. या गोष्टीचा आपल्या रोजच्या जगण्यावर किती फरक पडतो हे मला तोपर्यंत कळलं नव्हतं, मत द्यायला मिळालं नाही एवढंच वाटायचं.

लेखी द्या म्हटल्यावर मागच्या गल्लीतल्या काकांकडे गेले. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत, आयुष्यभर टेबलाच्या त्या बाजूला बसलेले. त्यांनीच सांगितलं की राळेगणच्या अण्णा हजारेंच्या आंदोलनामुळे महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा कायदा 2002 चाच होता, देशाचा 12 ऑक्टोबर 2005 पासून लागू झाला, आणि तेव्हा ऑफिसात सगळ्यांची कशी धावपळ झाली होती, फायलींना पृष्ठ क्रमांक टाकायला बसले होते म्हणे.

माझ्या माहिती अधिकाराच्या अर्जाचा पहिला मसुदा दोन पानी होता आणि त्यात सात वेळा 'का' होतं. गटार ओढ्यापर्यंत का नेलं नाही, बिल का काढलं, वगैरे. काकांनी सगळं खोडलं. ते म्हणाले, 'का' विचारलंस की ते लिहिणार, प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. कागद माग, कागदात 'का' आपोआप सापडतं. महाराष्ट्राच्या नियमात 2012 पासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द अशी मर्यादा आहे, तेही त्यांनीच सांगितलं. शेवटी अर्ज एवढाच उरला: अमुक कामाचं अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, सगळी देयकं, गुणवत्ता चाचणीचे आणि त्रयस्थ तपासणीचे अहवाल, यांच्या साक्षांकित प्रती. कालावधी 1 एप्रिल 2022 ते 30 जून 2023. आणि खाली एक ओळ, प्रतींपूर्वी मूळ फाईलचं अवलोकन करायचं आहे. ही ओळ नक्की टाका. माहिती मागण्याचं कारण लिहायचं नाही, कायद्याने ते कुणी विचारू शकत नाही.

अर्जाचा नमुना 'जोडपत्र अ' म्हणून असतो, झेरॉक्सच्या दुकानात दोन रुपयाला मिळाला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. तहसीलच्या बाहेरच्या स्टॅम्प व्हेंडरकडे दहाचा नव्हता, पाचचे दोन लावले, चालतात.

7 ऑगस्ट 2023, सोमवार. आवक-जावकच्या खिडकीवर ताईंनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, साहेबांना विचारून घेते, उद्या या. मी म्हटलं ताई, घेत नसाल तर तसं लिहून द्या, मी रजिस्टर पोस्टाने पाठवते. हे वाक्य काकांनी पाठ करून घेतलं होतं आणि मला बोलताना घाम फुटला होता, पण त्यांनी अर्ज घेतला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक, सही, हे चारही असल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझ्या प्रतीवर आधी नुसता शिक्का मारला होता, क्रमांक मागून घ्यावा लागला.

तीस दिवस 6 सप्टेंबरला भरले. काहीच आलं नाही. 13 तारखेला पोस्टमन पाकीट देऊन गेला. आत एका ओळीचं पत्र, "आपण मागणी केलेली माहिती मोघम स्वरूपाची व विस्तृत असल्याने देता येत नाही." पत्रावर तारीख 4 सप्टेंबर. मी ते वाचून खरंच रडले, कारण महिनाभर मी वाट बघत होते आणि घरात प्रत्येक पावसाला दाराशी गोण्या लावत होते. काकांनी पत्र बाजूला ठेवलं आणि पाकीट मागितलं. पाकिटावर पोस्टाचा शिक्का 11 सप्टेंबरचा. "हे पाकीट सोन्यासारखं जप," म्हणाले. मुदत उलटून गेल्यावर माहिती दिली तर ती कलम 7(6) प्रमाणे फुकट द्यावी लागते आणि उशीर झाला याचा पुरावा ते पाकीट होतं. तर पाकिटं फेकू नका, पत्राला टाचून ठेवा.

पहिलं अपील त्याच नगरपरिषदेत वरच्या अधिकाऱ्याकडे करायचं असतं, तीस दिवसांत, 'जोडपत्र ब', वीस रुपयांचा स्टॅम्प. 25 सप्टेंबरला दिलं. गणपती बसलेले होते, ऑफिसात अर्धी टेबलं रिकामी, पण पोच मिळाली. अपिलात काकांनी दोनच मुद्दे लिहायला लावले: माहिती मोघम नाही, एका कामाची एक फाईल आहे, आणि उत्तर मुदतीनंतर पाठवलंय, पाकीट सोबत जोडलंय.

या दिवसांत घरातलं वातावरण चांगलं नव्हतं. ठेकेदार आमच्याच एका शेजाऱ्यांच्या नात्यातला. ते सासूबाईंना येऊन सांगून गेले की सूनबाईंना जरा समजवा, गावात राहायचंय. एकदा रात्री साडेदहाला अनोळखी नंबरवरून फोन, पलीकडून कोणी बोललं नाही, नुसतं माझं नाव घेऊन ठेवला. ह्यांनी त्या रात्री मला तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींची आठवण करून दिली, माहिती अधिकारात जमिनीचे व्यवहार बाहेर काढायचे ते, 13 जानेवारी 2010 ला सकाळी त्यांचा खून झाला. माझं काम त्यांच्या कामापुढे काहीच नाही, एका गटाराचं आहे, पण भीती वाटायची ती वाटलीच. आम्ही मग काय केलं ते सांगते, प्रत्येक कागदाचा फोटो त्याच दिवशी तिघांना पाठवायचा, गल्लीतल्या दोन घरांत आणि माझ्या भावाला, आणि हे गावात सगळ्यांना माहीत असू द्यायचं. एकटीने कुणाला भेटायला जायचं नाही. त्या फोनची तक्रार पोलीस ठाण्यात दिली, अदखलपात्र नोंद घेतली, फोन परत आला नाही. अपिलाच्या सुनावणीलाही सहाही घरांनी मिळून माझ्यासोबत यायचं ठरवलं.

17 ऑक्टोबरला सुनावणी झाली. नवरात्र चालू होतं. सुनावणी म्हटल्यावर मी कोर्टासारखं काहीतरी समजून गेले होते, प्रत्यक्षात अपील ऐकणाऱ्या साहेबांच्या केबिनमध्ये तीन खुर्च्या आणि पंधरा मिनिटं. जन माहिती अधिकारी, म्हणजे माझ्या अर्जाला उत्तर देणारे, म्हणाले फाईल मोठी आहे. मी म्हटलं मोठी असेल तर अवलोकन करू द्या, मी बसून हवी ती पानं सांगते. साहेबांनी ते लगेच मान्य केलं. मला वाटतं त्यांनाही वाद मिटवायचा होता. आदेश 26 तारखेला हातात आला, पंधरा दिवसांत अवलोकन, प्रती विनामूल्य. पंधरा दिवस दिवाळीत गेले.

अवलोकन झालं 20 नोव्हेंबरला. सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत स्थानिक संस्थांमध्ये नागरिकांना फाईल बघता येतात, असा राज्याचा 2018 चा शासन निर्णय आहे, अर्ज न करताही, फारच थोड्या लोकांना माहीत असतो आणि आमच्याकडे त्याचा बोर्डही नव्हता. आदल्या दिवशी अहमदाबादला आपण वर्ल्डकपची फायनल हरलो होतो, सगळं ऑफिस उतरलेल्या चेहऱ्याने बसलेलं, आणि का कोण जाणे पण त्या दुपारी सगळे माझ्याशी नेहमीपेक्षा मऊ बोलले. क्लार्कने चहा मागवला. मी सोबत आमच्या शेजारच्या वहिनींना नेलं होतं, त्या वाचायच्या आणि मी लिहून घ्यायचे. मोबाईलवर फोटो काढू दिले नाहीत. फाईलला पृष्ठ क्रमांक नव्हते, मी विनंती केली की आधी क्रमांक टाका, नाहीतर मी कोणतं पान मागितलं हे उद्या कोण सांगणार. त्यांनी पेन्सिलने टाकले.

आता जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते ती इथे आहे म्हणून सावकाश सांगते. मोजमाप पुस्तिका, ऑफिसात सगळे तिला एमबीच म्हणतात, ही त्या कामाची खरी वही. कामाचा तपशील, नग, लांबी, रुंदी, खोली, एकूण, असे रकाने. जागेवर मोजून अभियंत्याने त्यात लिहायचं आणि त्यावरच बिल बनतं. एस्टिमेट म्हणजे काय करायचं ठरलं होतं, एमबी म्हणजे काय झालं असं कुणीतरी सहीनिशी लिहिलंय. सामान्य माणूस एस्टिमेट आणि टेंडर मागतो आणि एमबी मागायचा विसरतो. आमच्या एमबीत लांबी होती 310 मीटर. पण ती एका ओळीत नव्हती. मुख्य गल्ली 240 आणि मागचा बोळ 70.

बोळ! मी जुलैत बोळ मोजलाच नव्हता. तिथे गटार दिसत होतं पण ते जुनं असेल असं मी धरून चालले होते, फलकावर 'बोळ' हा शब्द नव्हता. त्या दुपारी एमबी समोर ठेवून मला पहिल्यांदा ठेकेदाराचा नाही, माझा राग आला. संध्याकाळी घरी न जाता आम्ही दोघी टेप घेऊन बोळात गेलो. 46 मीटर भरलं. म्हणजे जागेवर एकूण 236, कमी 74. एकशेवीस नाही.

त्याच रात्री मी जुनी पोस्ट न काढता तिच्यावरच दुरुस्ती लिहिली, की माझा आकडा चुकला होता, बोळ धरला नव्हता, आणि ज्यांच्याबद्दल त्यामुळे जास्त बोललं गेलं त्यांची माफी मागते. लिहायला अर्धा तास लागला आणि पाठवायला एक तास. वाटलं आता लोक म्हणणार हिलाच काही माहीत नाही. काही जण म्हणालेही. पण दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्या कनिष्ठ अभियंत्यांचा फोन आला, पहिल्यांदाच स्वतःहून, आणि ते म्हणाले, मॅडम, खालच्या बाजूला खाजगी जागेचा वाद होता, कुसाच्या मालकाने काम अडवलं, म्हणून थांबलं. मी विचारलं मग एमबीत 240 कसं आलं? त्यावर ते बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, मार्च एंड होता.

बिल 29 मार्चचं होतं, 13 लाख 64 हजार. भागाकार केला तर मीटरला 4,400 पडतात. खोदाई, काँक्रीट, सळई, झाकणं सगळ्यांचे दर वेगळे असतात त्यामुळे हा भागाकार ढोबळ आहे, पण 74 मीटरचे सव्वातीन लाख होतात हे कुणालाही समजतं.

प्रती 8 डिसेंबरला मिळाल्या, 64 पानं, प्रत्येक पानावर शिक्का. एरवी पानाला दोन रुपये पडतात, पाकिटामुळे शून्य. फक्त त्रयस्थ तपासणीचा अहवाल नव्हता, त्याच्याजागी "अभिलेखात आढळून येत नाही" असं पत्र. बिल ज्याच्या आधारे निघालं असं फाईलमधल्या टिपणीत लिहिलंय तोच अहवाल आढळत नाही. यासाठी दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, पहिल्या आदेशापासून नव्वद दिवसांत, 'जोडपत्र क', पुन्हा वीसचा स्टॅम्प. मी 10 जानेवारी 2024 ला रजिस्टर पोस्टाने पाठवलं. त्याचं पुढे लिहिते.

कागद हातात आल्यावर गावात सगळे म्हणत होते टाक आता. मी यावेळी घाई केली नाही. 12 डिसेंबरला नगरपरिषदेला आणि ठेकेदाराला चार प्रश्न लेखी दिले, सहा दिवसांची मुदत, आणि लिहिलं की तुमचं उत्तर आहे तसं छापेन. ठेकेदाराने उत्तर दिलं नाही. नगरपरिषदेने दिलं, त्यात जागेच्या वादाचा उल्लेख होता. 20 तारखेला मी लिहिलं ते असं लिहिलं: एमबीच्या पानाचा फोटो, शेजारी टेपचा फोटो, दोन्ही आकडे, त्यांचं पूर्ण उत्तर. 'चोरी', 'खाल्ले', 'भ्रष्ट' यातला एकही शब्द नाही. कागदावर सह्या, मोबाईल नंबर, बँक खातं दिसत होतं ते झाकलं. बदनामीचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या 499-500 मध्ये होता, 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेच्या 356 मध्ये आहे, तेव्हा हे फक्त शिष्टाचारासाठी नाही, स्वतःला सांभाळण्यासाठीही करा. फोटोसाठी तारीख, वेळ आणि ठिकाण फोटोवरच उमटवणारं अ‍ॅप वापरलं, फुकट मिळतं. गंमत म्हणजे ही पोस्ट जुलैच्या पोस्टच्या निम्मीही शेअर झाली नाही, पण तालुक्याच्या वार्ताहरांनी ती वाचली, घरी येऊन 64 पानं बघितली आणि पेपरात बातमी आली.

22 डिसेंबरला मुख्याधिकाऱ्यांकडे तक्रार, प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका शाखेला. तीन आठवडे काही नाही. मग लोकशाही दिन. लोकांच्या तक्रारी ऐकायला जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात दोन प्रतींत द्यावा लागतो. माहिती अधिकाराच्या अपिलाचे विषय तिथे घेत नाहीत, म्हणून अर्जात माहिती मिळाली नाही याबद्दल एक शब्द लिहायचा नाही, फक्त कामाबद्दल लिहायचं. माझ्या पुढच्या बाईंचा अर्ज याच कारणाने परत केला, त्या दीडशे किलोमीटरवरून आलेल्या होत्या, फार वाईट वाटलं. 5 फेब्रुवारीला माझा नंबर दुपारी दीडला लागला. दोन मिनिटं मिळतात. मी दोन आकडे आणि दोन फोटो एका पानावर छापून नेले होते, ते एकच पान पुढे केलं. जिल्हाधिकारी साहेबांनी तिथेच शेरा मारला, संयुक्त मोजणी करून अहवाल द्या.

29 फेब्रुवारीला संयुक्त मोजणी झाली. नगरपरिषदेचे अभियंते, जिल्ह्याहून आलेले एक अभियंता, ठेकेदाराचा माणूस, आम्ही सहा घरं आणि बघायला अख्खी गल्ली. मुख्य गल्ली 191.5, बोळ 46.5, एकूण 238. माझ्या मोजणीपेक्षा दोन मीटर जास्त, कारण शेवटचा चेंबर मी बाहेरून धरला नव्हता. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी वाचायला मागा, त्यात आधी "अंदाजे" असा शब्द होता, तो आम्ही काढायला लावला. कमी भरले 72 मीटर. माझ्या आकड्यापेक्षा दोनने कमी, आणि मी तोही दुसऱ्या दिवशी लिहिला.

16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि मला वाटलं आता जूनपर्यंत सगळं थंड. पण नगरपरिषदेने ठेकेदाराला नोटीस काढलेली होती, की दोष दायित्व कालावधी (कामातले दोष ठेकेदाराने स्वतः दुरुस्त करून द्यायचा काळ) चालू आहे आणि अनामत आमच्याकडे जमा आहे, राहिलेलं काम स्वखर्चाने पूर्ण करा नाहीतर रक्कम वळती करू. मेच्या दुसऱ्या आठवड्यात जेसीबी आला. कुसाच्या मालकांशी आम्ही गल्लीतल्या लोकांनीच बोललो होतो, त्यांचं म्हणणं एवढंच होतं की कुसू पडलं तर बांधून कोण देणार, हे त्यांना आधी कुणी लेखी दिलंच नव्हतं. लिहून दिलं, त्यांनी वाट दिली. 30 मेला मुख्य गल्लीतलं गटार ओढ्याला मिळालं. मी पुन्हा टेप लावला. नवीन तुकडा 48.5 मीटर.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात सासूबाई रात्री उठून दाराशी बॅटरी घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं आई झोपा, त्या म्हणाल्या थांब, बघू दे. पाणी गटारातून जाताना खाली आवाज येतो, तो ऐकत बसल्या.

खर्च विचारतात म्हणून सांगते. स्टॅम्प 50 रुपये, पोस्ट साधारण दीडशे, झेरॉक्स आणि प्रिंट अडीचशेच्या आसपास, जिल्ह्याला तीन खेपा, बायकांना एसटीचं अर्धं तिकीट असल्यामुळे प्रत्येक खेप शंभरच्या आत, बाकी वडापाव-चहा. सगळं मिळून साडेआठशे. क्लास अकरा वेळा बुडाले, ते मी रविवारी घेतले. पहिल्या अर्जापासून गटार ओढ्याला मिळेपर्यंत जवळपास दहा महिने.

झालं नाही तेही लिहिते. एमबीत चुकीची लांबी कुणी आणि कुणाच्या सांगण्यावरून लिहिली याचं उत्तर मला मिळालेलं नाही, तक्रारीवर "कारवाई प्रस्तावित" एवढंच पत्र आहे. दुसऱ्या अपिलाची तारीख अजून लागलेली नाही, आयोगाकडून फक्त क्रमांक आलाय, तो मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. आणि बोळातलं 23.5 मीटर तसंच आहे. तिथे टोकाला एक आजी एकट्या राहतात, आमच्या गल्लीचं काम झालं त्या दिवशी त्यांनी मला हाक मारली, "बाई, तुमचं झालं, आमचं?"

12 ऑगस्टला त्यांच्या नावाने अर्ज दिलाय, अंगठ्याचा, साक्षीदार म्हणून माझी सही. अनामत रक्कम परत दिली का, दिली असल्यास त्या आदेशाची प्रत, एवढंच मागितलंय. तीस दिवस 11 सप्टेंबरला भरतात.